दोन दिवसांची रजा आणि एक अपॉस्ट्रॉफी

आठवीच्या इंग्रजीच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असायचा: मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहा. अर्ज चार ओळींचा. वडील आजारी आहेत, दोन दिवसांची रजा मिळावी, आपला आज्ञाधारक विद्यार्थी. तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकवताना असे अर्ज मी किती तपासले याची मोजदाद नाही. पण या चार ओळींत इंग्रजीतल्या षष्ठीचे बहुतेक व्याकरण येऊन जाते, हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षे गेली. ‘माय फादर’स इलनेस’, ‘टू डेज’ लीव्ह’, ‘युवर्स ओबिडियंटली’. पहिल्या ठिकाणी अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी, दुसऱ्या ठिकाणी एसच्या नंतर, तिसऱ्या ठिकाणी अजिबात नाही. मुले नेमकी उलटी लिहीत. पहिल्या दोन जागी खूण गायब आणि शेवटी, सही करण्याआधी, ठसठशीत ‘युवर’स’. माझी लाल शाई सर्वांत जास्त तिथे खर्ची पडली.

मुलांनाच नावे का ठेवायची? तहसील कचेरीबाहेर टंकलेखन यंत्र घेऊन बसणाऱ्यांनी बडवलेल्या अर्जांतही तो ‘युवर’स’ असे, आणि संगणक आल्यावरही त्याचा मुक्काम हलला नाही. अर्जदाराने आदर म्हणून वर एक जास्तीचे टिंब वाहिले असावे, असे वाटण्याइतका तो सार्वत्रिक आहे.

हे छोटे पुस्तक त्या खुणेवर आणि तिच्या आजूबाजूच्या शब्दांवर आहे: माय आणि माइन, हर आणि हर्स, इट्स आणि इट’स, बॉय’ज आणि बॉयज’. एवढ्याशा गोष्टीवर पुस्तक कशाला, असे पुष्कळांनी विचारले. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत हा विषय दीड पानात उरकलेला असतो हे खरे. पण ती दीड पाने इंग्रजाच्या मुलासाठी लिहिलेली असतात. मराठी मूल इंग्रजीत शिरते तेव्हा एक भरभक्कम षष्ठी आधीच सोबत घेऊन येते. तिच्याशी बोलल्याशिवाय नवी षष्ठी घरात नांदत नाही, असे माझे मत आहे. (प्रस्तावनेत इंग्रजी शब्द नागरीत लिहिले आहेत, खूण तेवढी आहे तशी ठेवली आहे. आत अर्थातच रोमन आहे.)

आधी कानाचा प्रश्न. ‘बॉय’ला एस लावून तीन रूपे होतात: पुष्कळ मुले, एका मुलाचे, पुष्कळ मुलांचे. कागदावर तिन्ही वेगळी, उच्चार मात्र तिघांचाही ‘बॉइज’. म्हणजे ही खूण फक्त डोळ्यांसाठी आहे. कानाने ती कळत नाही आणि तोंडाने ती चुकत नाही. मराठी मुलाची सवय याच्या उलट असते. आपण बहुतेक बोलतो तसे लिहितो, निदान तसे लिहितो असे समजतो. ‘मुलाचे’ आणि ‘मुलांचे’ यांतला फरक ऐकू येतो. जे ऐकू येत नाही ते लिहायचे कशासाठी, हा मुलाचा प्रश्न तोंडावर येत नसला तरी वहीत उमटतो.

त्या ‘मुलांचे’मधल्या टिंबानेच मला वाट दाखवली. मराठीत एकवचन आणि अनेकवचन यांतला भेद षष्ठीत बहुधा एका अनुस्वारावर तोललेला असतो: शिक्षकाचे, शिक्षकांचे, मुलीचे, मुलींचे, एका दिवसाची रजा, दोन दिवसांची रजा. इंग्रजीत हेच काम अपॉस्ट्रॉफीची जागा करते. मग मी वर्गात सांगू लागले, आधी मराठीत म्हणा. टिंब ऐकू आले तर खूण एसच्या पुढे, नाही आले तर मागे. ‘वन डे’ज लीव्ह’, ‘टू डेज’ लीव्ह’. पंधरा मिनिटांत वर्ग तयार. मला वाटले, पेटंट घ्यावे.

पुढच्याच चाचणीत पेटंट कोसळले. निम्म्या वर्गाने ‘माय फादर्स’ इलनेस’ लिहिले, खूण एसच्या पुढे. मी चिडले आणि मग थांबले, कारण मुलांनी माझाच नियम पाळला होता. मराठीत ‘वडिलाचे आजारपण’ कोण म्हणतो? ‘वडिलांचे’ म्हणतात. ‘सरांचा डस्टर’, ‘बाईंची पर्स’, ‘आजोबांची काठी’. माणूस एकच, टिंब आदराचे. आदरार्थी बहुवचनाने माझ्या नियमाचा पाय ओढला होता. म्हणून या पुस्तकात नियम दोन पायऱ्यांत दिला आहे. आधी माणसे मोजा, मग टिंब ऐका. इंग्रजी षष्ठीत आदराला जागा नाही, तिथे वडील एक असतील तर एकच. तिसरी पायरी मुलांनी स्वतःच शोधली, कारण ‘चिल्ड्रन’ आणि ‘मेन’ यांच्या अनेकवचनात एस नसतोच. त्यामुळे टिंब ऐकू येऊनही खूण एसच्या आधीच पडते: चिल्ड्रन’स, मेन’स.

आदराचा गोंधळ सर्वनामांत आणखी रंगतो. मराठी घरात आई ‘ती’ असते आणि वडील ‘ते’. आईची पिशवी ‘तिची’, वडिलांची छत्री ‘त्यांची’. या एका गोष्टीवर समाजशास्त्राचा प्रबंध होईल, पण इथे विषय इंग्रजीचा आहे. मूल लिहिते, माय फादर लॉस्ट देअर अंब्रेला. लिहिताना त्याला आपण चुकलो असे वाटत नाही, उलट संस्कार दाखवल्यासारखे वाटते. इंग्रजीत वडिलांना ‘हिज’ आणि आईला ‘हर’, दोघेही सारखेच एकेरी. आणखी एक सवय ‘आमचा’ची. आपण ‘आमचा बंड्या’, ‘आमच्या आईचं मत’ असे सहज म्हणतो. बोलणारा एकटा असतो, घर मात्र सगळे सोबत घेऊन बोलतो. ते शब्दशः उतरले तर ‘अवर मदर’पर्यंत निभावते. एखाद्या गृहस्थाने ‘आमच्या सौभाग्यवती’ इंग्रजीत नेल्या तर अवघड प्रसंग ओढवेल.

आता त्या ‘हिज’ आणि ‘हर’बद्दल थोडे सविस्तर, कारण मराठीची श्रीमंती इथे सगळ्यांत स्पष्ट दिसते. ‘त्याची बहीण’ या दोन शब्दांत किती माहिती आहे पाहा. ‘त्या’ सांगतो की मालक पुरुष आहे (किंवा नपुंसकलिंगी वस्तू), आणि ‘ची’ सांगते की पुढे येणारे नाम स्त्रीलिंगी आहे. डोके मालकाकडे पाहते, शेपूट मालमत्तेकडे. ‘तिचा भाऊ’मध्ये दोन्ही दिशा पुन्हा उलट. हिंदीचे ‘उसका-उसकी’ फक्त मालमत्तेचे लिंग सांगते, मालक पुरुष की बाई याचा पत्ता लागू देत नाही. फ्रेंचचेही तसेच. इंग्रजी फक्त मालकाकडे बघते: हिज सिस्टर, हर ब्रदर. मराठी दोन्हीकडे बघते. मग मराठी मुलाने चुकायचे कारणच काय? तरी ‘रमेश अँड हर सिस्टर’ येतेच. कारण ‘ची’ ऐकली की मुलाच्या मनात बाई उभी राहते आणि हात ‘हर’ लिहून मोकळा होतो. उपाय सोपा आहे, शेपूट झाकायचे. ‘त्याची’मधली ‘ची’ अंगठ्याखाली दाबा आणि काय उरते ते बघा. ‘त्या’ उरला तर हिज, ‘ति’ उरली तर हर.

मराठीजवळ आहे आणि इंग्रजीजवळ नाही असा आणखी एक शब्द म्हणजे ‘आपला’. ‘रामने आपली वही श्यामला दिली’ आणि ‘रामने त्याची वही श्यामला दिली’ ही दोन वाक्ये आपल्याला वेगळी वाटतात. पहिल्यात वही रामचीच. दुसऱ्यात ती श्यामची असू शकते, तिसऱ्या कोणाचीही असू शकते. इंग्रजीत दोन्हीला ‘हिज’. वकील मंडळींना इंग्रजी मृत्युपत्रात नाव पुन्हा पुन्हा का लिहावे लागते, त्याचे एक कारण हे. ‘आपला’ तेवढ्यावर थांबत नाही. तुम्ही-आम्ही मिळून सर्वांचा तो आपला, समोरच्या आदरणीय माणसाचा तोही आपला, आणि पत्राच्या शेवटी ‘आपला नम्र’मध्ये लिहिणारा स्वतःलाच समोरच्याच्या मालकीचा करून टाकतो. इंग्रजी ‘युवर्स’नेही नेमके हेच केले आहे, मी तुमचा. ‘युवर्स’ म्हणजे ‘तुमचा’ एवढे मुलाला एकदा दाखवले की ‘युवर’स’ लिहिताना त्याचा हात अडखळतो, असा माझा अनुभव आहे. माइन, युवर्स, हिज, हर्स, अवर्स, देअर्स या घराण्यात कोणालाच अपॉस्ट्रॉफी नाही. पण ‘सर्वनामाला खूण कधीच नाही’ असे पाठ करून घेणारे अर्धेच सांगतात. ‘वन’स’, ‘एव्हरीबडी’ज’, ‘ईच अदर’स’ यांना खूण आहे.

ही खूण आली कुठून, हे मला स्वतःला फार उशिरा कळले आणि कळल्यावर तिची भीती गेली. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामे आपल्यासारखीच विभक्तीने वाकत होती. ‘स्टान’ म्हणजे दगड, ‘स्टानेस’ म्हणजे दगडाचा. हा ‘एस’ प्रत्यय तेव्हा सर्व नामांचा नव्हता. पुष्कळ पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांना तो लागे, बहुतेक स्त्रीलिंगी नामांची सोय निराळी होती. हळूहळू बाकीचे प्रत्यय झिजले आणि हा एकटा सगळ्यांना पुरून उरला. जुन्या स्त्रीलिंगी षष्ठीचा अवशेष मात्र एका किड्याच्या नावात राहिला आहे. पाठीवर काळे ठिपके असलेला तो लाल ‘लेडीबर्ड’ म्हणजे मूळ अर्थाने माता मेरीचे पाखरू, आणि त्या ‘लेडी’ला एस नाही.

पुढे प्रत्ययातला स्वर उच्चारातून गळाला. सोळाव्या शतकात फ्रेंच छापखान्यांच्या अनुकरणाने इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी आली ती गळालेल्या अक्षराची खूण म्हणून. आपल्याला ही कल्पना नवी नाही. ‘सोऽहम्’मधला अवग्रह हेच सांगतो की इथे एक ‘अ’ होता, तो लोपला. ‘इट’स’मधली खूण ‘इज’च्या पहिल्या अक्षराचा अवग्रह, आणि ‘बॉय’ज’मधली खूण जुन्या प्रत्ययातल्या स्वराचा. शेक्सपिअरचे एक नाटक आज ‘लव्ह’ज लेबर’स लॉस्ट’ असे दोन खुणांनी छापतात. पहिली खूण षष्ठीची, दुसरी ‘इज’ गिळल्याची. १५९८च्या छापील प्रतीवर या दोन्हीपैकी एकही नाही. त्याच्या नाटकांच्या १६२३च्या मोठ्या फोलिओतही षष्ठी बहुतेक ठिकाणी उघडीच आहे. एकवचनी षष्ठीला खूण लावण्याची रीत सतराव्या शतकाच्या अखेरीस रुळली. बहुवचनात ती एसच्या पुढे ठेवण्याची रीत तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली, म्हणजे आपल्याकडे पेशवाई उताराला लागली तेव्हाची.

मधल्या काळात एक गंमत झाली. हा एस म्हणजे ‘हिज’चे संक्षिप्त रूप, अशी समजूत पसरली आणि लोक ‘द किंग हिज बुक’ असे लिहू लागले, राजा याचे पुस्तक. बेन जॉन्सनच्या एका नाटकाचे नावच ‘सेजानस हिज फॉल’ आहे. जोसेफ अ‍ॅडिसनसारखा मुरलेला लेखक १७११मध्ये ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकातून हीच व्युत्पत्ती सांगत होता. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या कोशाला जोडलेल्या व्याकरणात ती खोडली. मुद्दा साधा होता, बाईच्या नावालाही हाच एस लागतो, मग तिथे ‘हिज’ कसा येईल? इंग्रजीत ती रीत मेली, पण आपल्या लग्नपत्रिकेत ती आजही राजरोस आहे. ‘श्री. अमुक यांची ज्येष्ठ कन्या’. नावाला थेट ‘ची’ लावणे उद्धट वाटते, शिवाय नावाचे सामान्यरूप करून ते वाकवावे लागते. ‘यांची’ मध्ये घातले की नावही ताठ राहते आणि मानही.

‘इट्स’ तर या एसहूनही धाकटे आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निर्जीव वस्तूलाही ‘हिज’च चाले. १६११च्या राजा जेम्सच्या बायबलमध्ये मिठालाही ‘हिज’ लावले आहे. त्या आवृत्तीत ‘इट्स’ नव्हतेच. आजच्या प्रतींत ते लेवीय या पुस्तकात एकदाच दिसते, तेही मागाहून घातलेले. नव्याने आलेल्या या शब्दाला बराच काळ खुशाल अपॉस्ट्रॉफी लावत. अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष थॉमस जेफर्सन ‘त्याचे’ या अर्थी ‘इट’स’ लिहीत असे. आज तसे लिहिले तर गुण जातात. तेव्हा मराठीत म्हणून बघा. ‘ते आहे’ बसले तर खूण घाला, ‘त्याचे’ बसले तर काढा. ‘हूज’ आणि ‘हू’ज’ यांनाही हीच कसोटी: कोणाचे की कोण आहे.

षष्ठी म्हणजे मालकी, असे आपण पटकन म्हणतो. संस्कृत वैयाकरणांनी हे फार आधी नीट पाहिले होते. षष्ठीला त्यांनी कारकात घेतले नाही, कारण ती नामाला क्रियापदाशी जोडत नाही, नामाला नामाशी जोडते. आणि तिचे अर्थ शंभरावर एक, असे पतंजलीने महाभाष्यात म्हटले आहे. ‘वडिलांचा फोटो’ घ्या. वडिलांच्या मालकीचा, वडिलांनी काढलेला की वडील ज्यात दिसतात तो? इंग्रजीने इथे एक बारीक सोय केली आहे. ‘अ फोटो ऑफ माय फादर’मध्ये वडील चौकटीत असतात. ‘अ फोटो ऑफ माय फादर’स’मध्ये तो त्यांच्या संग्रहातला असतो आणि चौकटीत कदाचित म्हैस असते. ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ याच वळणाचे. पुस्तकात या दुहेरी षष्ठीला मी जागा जास्त दिली आहे. शाळेत ती शिकवत नाहीत आणि बोलण्यात ती रोज लागते.

नावाच्या शेवटी एस आला की काय करायचे, हा प्रश्न मला सुहास, विलास, रामदास आणि श्रीनिवास या सर्वांनी विचारला. ‘सुहास’स’ की ‘सुहास’’? विल्यम स्ट्रंक यांच्या १९१८च्या लेखनविषयक पुस्तिकेचा पहिलाच नियम सांगतो की शेवटचे अक्षर काहीही असो, अपॉस्ट्रॉफी आणि एस दोन्ही लावा. वर्तमानपत्रांपैकी बरीच नुसत्या खुणेवर भागवतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २००६मध्ये कॅन्सस राज्याच्या एका खटल्यात बहुमताच्या निकालपत्रात राज्याच्या नावापुढे नुसती खूण होती आणि विरोधी मतपत्रात खूण अधिक एस. जिथे न्यायमूर्तींचे एकमत नाही तिथे सुहासने जे रूप निवडले ते शेवटपर्यंत सांभाळावे, एवढेच मी सांगते. माझी पसंती ‘सुहास’स’ला आहे, कारण बोलताना आपण ‘सुहासेस’च म्हणतो.

इंग्रजांच्या देशातही या खुणेचे राज्य काही निर्वेध नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत पिकॅडिली मार्गावर ‘अर्ल’स कोर्ट’ आणि ‘बॅरन्स कोर्ट’ ही लगतची स्थानके आहेत. पहिल्यावर खूण, दुसऱ्यावर नाही. अमेरिकेत स्थलनामांचे मंडळ १८९०पासून नावांतली खूण काढूनच टाकत आले आहे. ‘मार्था’स व्हिनयार्ड’सारखे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके अपवाद त्याने मान्य केले. इंग्लंडमध्ये लिंकनशायरमधल्या बॉस्टन गावी जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकाराने २००१मध्ये अपॉस्ट्रॉफी संरक्षण संस्था काढली. चुकीच्या पाट्या लावणाऱ्या दुकानदारांना ती सौजन्याने पत्रे पाठवी. २०१९मध्ये वयाच्या ९६व्या वर्षी अज्ञान आणि आळस जिंकले असे म्हणून त्यांनी ती बंद केली.

आपल्याकडे अशी संस्था निघाली तर तिने सुरुवात सदनिकांच्या दारांपासून करावी. पुण्यात कोणत्याही इमारतीचा जिना चढा, ‘कुलकर्णी’ज’, ‘देशपांडे’ज’ अशा पितळी पाट्या दिसतील. कुटुंब सांगायचे असेल तर ‘द कुलकर्णीज’, खुणेशिवाय. घर सांगायचे असेल तर घरात माणसे एकाहून अधिक, म्हणून ‘द कुलकर्णीज’’, खूण शेवटी. पाटीवर आहे ते रूप म्हणजे कोणा एका कुलकर्ण्याचे काहीतरी, आणि ते काय हे पाटी सांगत नाही. मराठीत याच जिन्यावर आपण ‘कुलकर्ण्यांकडे चाललोय’ असे बिनचूक म्हणत असतो, सामान्यरूपासकट, टिंबासकट.

पुस्तक कसे वापरावे याबद्दल दोन शब्द. पहिल्या प्रकरणात नियम नाहीत, तो रजेचा अर्जच आहे, चुकांसकट. तो आधी स्वतः दुरुस्त करावा आणि मग पुढे जावे. प्रत्येक प्रकरणाअखेरीची वाक्ये मराठीत दिली आहेत. ती आधी मोठ्याने वाचावीत, टिंबे ऐकावीत, माणसे मोजावीत आणि मगच इंग्रजीत लिहावीत. उत्तरे शेवटी आहेत. मुद्रिते मी स्वतः तीनदा तपासली आहेत, आणि तिसऱ्या खेपेलाही एका पानावर ‘युवर’स’ सापडला. आणखी कुठे राहिला असेल तर वाचकांनी पान क्रमांकासह प्रकाशकांकडे जरूर कळवावे.